खिडकीपाशी निऑन

शकूचा फोन आला तेव्हा मी तेजलला संयुजा शिकवत होते. तेजल माझी नात, यंदा आठवीत आहे. तिच्या मोबाइलमध्ये अणू रंगीत गोट्यांसारखे फिरतात आणि एकमेकांना चिकटतात, पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजन दोनच का, हे काही तिला सांगता येईना. शेवटी मी तिला पलंगावरून उठवलं आणि माझ्या शाळेतला खेळ सांगितला.

"हायड्रोजनला एकच हात. दुसरा पाठीमागे दडवायचा. ऑक्सिजनला दोन हात. आणि कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये. आता सांग, एका ऑक्सिजनला किती हायड्रोजन लागतील?"

"दोन! मग मोबाइलवाल्यांनी असं सरळ सांगायचं ना. आजी, हे तू शोधलंस?"

"मीच," मी म्हटलं. त्या खेळाचा मला अभिमान होता.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"परचुरे बाई ना? मी शकुंतला बोलतेय. कासारवाडीच्या शाळेत तुमच्याकडे होते. चौऱ्याऐंशी सालची आठवी."

"कोण शकुंतला?" मी विचारलं.

हे मी खोटंच विचारलं. 'बाई' हा शब्द ती जरा लांबवून म्हणायची, तो ऐकताच मी तिला ओळखलं होतं. पस्तीस वर्षं शिकवलं, शेकडो मुलं विसरले. हजेरीपटावरची ही बाविसावी मुलगी तेवढी विसरले नव्हते. शकुंतला भीमराज ओव्हाळ.

"ओव्हाळ," ती म्हणाली. आणि मग, "निऑन."

"हो, हो. आठवलं," मी म्हटलं.

ती आता चाकणला एका प्लेटिंगच्या कारखान्यात केमिस्ट होती. पत्र्याच्या सुट्या भागांवर निकेल चढवतात, त्या टाक्यांमधलं पाणी तपासण्याचं काम. दर रविवारी दिघीच्या विहारात कामगारांच्या मुलांना विज्ञान शिकवत होती. माझा नंबर तिला कुणा जुन्या विद्यार्थ्याकडून मिळाला होता.

"मुलांना तुमचा तो हातांचा खेळ घेते मी. म्हटलं, एकदा बाईंनीच येऊन घ्यावा. याल का? गाडी घेऊन येते तुमच्या घरी, रहाटणीला."

मी गुडघ्यांचं कारण सांगणार होते, पण तेजल शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. "आजी, जाऊया ना! मी पण येते," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की ते शकूलाही ऐकू गेलं.

"आणा नातीला," शकू म्हणाली.

रविवारपर्यंतचे चार दिवस मी नीट जेवले नाही. सुनेला वाटलं, पित्त झालं.

त्या आठवीत पन्नास-बावन्न मुलं होती. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात बारा परीक्षानळ्या. मूलद्रव्य, संयुग, बंध हे शब्द पाठ होत, पण डोक्यात काही शिरत नसे. म्हणून मी पुठ्ठ्याच्या पाट्या करून मुलांच्या छातीवर पिनांनी लावल्या आणि त्यांना हात धरायला लावले. कार्बनला चार हात हवेत म्हणून दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी करायची. चार हायड्रोजनांनी त्यांचे हात धरले की मिथेन झाला. मुलं खिदळत होती, पण एकदा शिकलेलं विसरत नव्हती.

पहिल्याच दिवशी शकूला मी हायड्रोजनची पाटी लावली. मंदाकिनी ऑक्सिजन होती. शकूनं हात पुढे केला आणि मंदाकिनीनं आपले दोन्ही हात मागे नेले.

"बाई, आई रागावेल मला," ती हळूच म्हणाली.

शकूच्या हातांवर तेव्हा पुरळ होतं. तिचे वडील भीमराज भोसरीला प्लेटिंगच्या शेडमध्ये कामाला. टाकीत सोडायचे छोटे भाग तांब्याच्या तारेला बांधून द्यायचं काम तिची आई सरूबाई घरी आणायची, आणि शाळेतून गेल्यावर शकूही तारा बांधायला बसायची. जुन्या तारांना निकेलचे हिरवट क्षार लागलेले असत. तिच्या बोटांची सालं निघत. सगळ्या वर्गाला ते हात दिसत होते.

पण मंदाकिनीची आई हातांमुळे रागावणार नव्हती, हे मला कळलं. शकूला कळलं. बहुधा साऱ्या वर्गाला कळलं. शिक्षिका म्हणून तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मंदाकिनीचे वडील शाळेच्या समितीवर होते, त्या शाळेत माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, वगैरे कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. खरं म्हणजे त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, की चांगला चाललेला तास मोडू नये.

मी शकूची पाटी काढली आणि दुसरी लावली. "शकू, तू निऑन. त्या खिडकीपाशी उभी राहा."

पुस्तकात 'निष्क्रिय वायू' असं छापलेलं होतं. मी मुद्दाम 'राजवायू' म्हटलं. सांगितलं, "याची बाहेरची कक्षा भरलेली असते. आठच्या आठ इलेक्ट्रॉन. त्याला कुणाकडून काही घ्यावं लागत नाही, कुणाला द्यावं लागत नाही. राजासारखा असतो." बोलता बोलता मला वाटायला लागलं की मी मुलीचा मानच केला.

"बाई, राजवायू कुणाचाच हात धरत नाही?" शकूनं खिडकीपाशी उभं राहून विचारलं.

"कुणाचाच नाही. कधीच नाही."

पुढच्या वेळी पुन्हा निऑन. मग नववीला, मग दहावीला. पाट्या वाटताना ती आता हात पुढे करायचीच नाही, आपली आपण खिडकीकडे जायची. मला तेही सोयीचं झालं.

मध्ये एकदा, नववीत असताना, मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. "बाई, मला एकदा हायड्रोजन करा ना. एकच हात लागतो."

मी म्हटलं, "आधी हात बरे होऊ देत."

तिनं तारा बांधणं सोडलं. पंधरा-वीस दिवसांनी सरूबाईच तिला घेऊन आली, कामाचा खाडा करून. वर्गाच्या दारात उभं राहून तिनं शकूचे दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडून धरले. "बगा बाई, दवाखान्याचं मलम लावलं. आता काय न्हाई. समदं बरं हाय."

तळवे स्वच्छ होते. मी म्हटलं, "हो, छान झाले." आणि त्या दिवशी खेळच घेतला नाही. पोर्शन मागे पडलाय, असं सांगितलं.

रविवारी शकू ठरल्या वेळी आली. मी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. नखं बारीक कापलेली, हातात काचेच्या बांगड्या, कानात काही नाही. "निकेलचा त्रास गेला नाही अजून. खोटे दागिने चालत नाहीत मला, आणि खऱ्यांची हौस नाही," ती हसून म्हणाली. वाकून नमस्कार केला. मला तो नको होता, पण मी घेतला.

तेजल मागे कानात गाणी लावून बसली. नाशिक फाट्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. खाली कासारवाडीचं स्टेशन दिसत होतं. चार दिवस घोकून ठेवलेलं मी तिथं म्हणून टाकलं.

"शकू, ते निऑनचं... माझं चुकलं होतं. फार चुकलं. मला माफ कर."

तिनं आरशात एकदा मागे पाहिलं. तेजल खिडकीबाहेर बघत होती.

"मला कशाला सांगता, बाई? मला तर माहीतच आहे," ती शांतपणे म्हणाली. "ते वर्गात झालं होतं."

पुढचा ट्रक हलला. तिनं गिअर टाकला.

"एक गंमत सांगते. बी.एस्सी.ला गेल्यावर वाचलं, झेनॉन फ्लोरिनशी जोडला जातो. राजवायूच की तो! बासष्ट सालापासूनच माहीत होतं जगाला. लायब्ररी बंद होईपर्यंत तेच पान उघडून बसले होते मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला तेव्हा माहीत नसेल. आपली पुस्तकं जुनी असायची."

अडुसष्ट साली बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला झेनॉनचाच प्रश्न आला होता. मी अचूक उत्तर दिलं होतं आणि परीक्षक खूश झाले होते. तरी मी गाडीत म्हटलं, "हो. जुनीच होती पुस्तकं."

विहाराच्या हॉलमध्ये सतरंजीवर तीसेक मुलं होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली खोक्यात पाट्या, अगदी माझ्यासारख्याच पुठ्ठ्याच्या. तेजल लगेच त्यांच्यात जाऊन बसली. शकूनं ओळख करून दिली. "या माझ्या बाई. आपला हातांचा खेळ यांनी शोधला. बाईंना खेळाआधी काहीतरी सांगायचंय."

तसं काही ठरलं नव्हतं. ती बाजूला जाऊन उभी राहिली.

मुलं माझ्याकडे बघत होती. तेजल सर्वात पुढे, ऐटीत बसली होती, जणू आजी तिनंच तयार करून आणलीय.

मी सुरुवात केली. "हा खेळ मी पहिल्यांदा घेतला तेव्हा तुमच्या मॅडम माझ्या वर्गात होत्या. त्यांचे हात खराब झाले होते, निकेलनं. पुरळ होतं. म्हणून कुणी हात धरेना. म्हणून मी त्यांना निऑन केलं आणि खिडकीपाशी उभं केलं. ते बरोबर नव्हतं."

वाक्य संपलं आणि मला हलकं वाटलं. मी शकूकडे पाहिलं. ती खोक्यातल्या पाट्या लावत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिची पाटी आधीच लावून झाली होती, नायट्रोजन. "मी संस्कृती. आजी, मग हात बरे झाल्यावर?"

"काय?"

"हात बरे झाल्यावर मॅडमना घेतलं ना खेळात?"

शेजारचा मुलगा हसला. "अगं, घेतलंच असणार ना! बाई आहेत त्या."

मी तेजलकडे पाहिलं. तीही मान डोलावत होती. 'हो' म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. कारण चाळीस वर्षं मी स्वतःलाही हातांचंच सांगत आले होते, आणि आता या मुलांनाही तेच सांगून बसले होते.

"नाही घेतलं," मी म्हटलं. "हात बरे झाले होते. त्यांच्या आईनं येऊन मला दाखवले. तरी नाही घेतलं. हातांचं कारण नव्हतंच. मॅडमची जात बघून मुली हात धरत नव्हत्या. मला ते कळत होतं आणि मी एका शब्दानं बोलले नाही. तीन वर्षं. आणि राजवायू कधीच कुणाशी जोडला जात नाही असं वर्गाला सांगितलं. झेनॉनचं मला तेव्हाही माहीत होतं." मग शकूकडे वळून म्हटलं, "मगाशी गाडीतही मी खोटं बोलले."

संस्कृतीनं शकूकडे पाहिलं. तेजल सतरंजीचा दोरा ओढत होती.

शकू पुढे आली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "ऐकलंत? लक्षात ठेवा. चला, उभे राहा. पाण्यापासून सुरू करू. तेजल, तू ऑक्सिजन. हायड्रोजन कोण?"

माझ्या हातात काही पाटी नव्हती. गर्दीत उभं राहवेना म्हणून मी मागे सरकले, आणखी मागे, आणि पाठीला गज लागले तेव्हा कळलं की मी खिडकीपाशी आलेय. मला तिथं कुणी पाठवलं नव्हतं.

तेजलच्या एका हाताला संस्कृतीच्या शेजारचा तो मुलगा हायड्रोजन होऊन उभा राहिला. दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं, कारण बाकीची मुलं मिथेनसाठी धावली होती. तेजल हात पुढे करून नुसती उभी होती. तिनं इकडे तिकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

शकूनं खोक्यातून हायड्रोजनची पाटी काढली आणि स्वतःच्या पदराला लावली. डावा हात पाठीमागे दडवला आणि उजवा पुढे केला. बावन्न वर्षांची बाई.

तेजलनं तो धरला. घट्ट धरला असावा, कारण काचेच्या बांगड्या वाजल्याचं मला खिडकीपर्यंत ऐकू आलं.