सरासरीतला कारखाना

क्षितिजाला जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारी पदवी घ्यायची होती. फी होती बारा लाख, आणि कर्जाला बाबांची सही हवी होती. कॉलेजच्या माहितीपत्रकात पदवीधरांचा सरासरी पगार महिना एक लाख छापला होता. तो वाचून बाबा खुशीत पेन शोधू लागले.

"थांबा," क्षितिजा म्हणाली. "मी मागच्या बॅचच्या पाचही जणांशी बोलले. चौघांना पंचवीस हजारच मिळतात."

"आणि पाचव्याला?"

"चार लाख. भाईंदरला त्याच्या वडिलांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे."

"म्हणजे मला आधी कारखाना काढायला हवा!"

आईने कपाळाला हात लावला. "अगं, सही झाल्यावर सांगायचंस ना!"

"हप्ता सोळा हजार," बाबा पुटपुटले. "उरलेल्या नऊ हजारांत मीरा रोडला काय मिळतं?"

"तुमच्याकडची खोली."

आई हसली. "करा हो सही. हिला स्वतःच्या फायद्यासाठीही गप्प बसता येत नाही, ही बँकेला काय बुडवणार?"

बाबांनी सही केली. आईने हळूच विचारलं, "त्या कारखानेवाल्याचं लग्न झालंय का गं?"

"झालंय. तू विचारशील म्हणून तेही विचारून ठेवलं होतं."