लाल बोयाच्या आत

बाईंनी तिसावा खडा काचपेपरवर घासून पातळ केला, काचपट्टीवर ठेवून त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. पाच वर्तुळं. सकाळपासून पाहिलेल्या एकोणतीस खड्यांसारखंच याचंही पहिलं वर्तुळ जरा फिकट होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, डोळे चोळले आणि खिडकीतून धक्क्याला लागलेल्या होड्यांकडे बघत बसल्या.

हा खडा माशाच्या कानातला. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडतं, तसं यावर दरवर्षी एक वर्तुळ चढतं. एकतीस वर्षं बाईंनी हेच केलं होतं. माशांची वयं मोजायची आणि जाळं कुठे टाकावं, कुठे टाकू नये ते सांगायचं. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच अहवालात लिहिलं होतं, की बंदरासमोरच्या खडकाळ पट्ट्यातला तांबडा मासा फार सावकाश वाढतो, पाच वर्षांचा झाल्याशिवाय अंडी घालत नाही, आणि पट्टा बंद केला नाही तर तो संपेल. पट्टा बंद झाला. त्या पट्ट्यावर ज्यांच्या चुली पेटायच्या, त्यांत बाईंचा सख्खा थोरला भाऊ होता.

आणि आता, निवृत्तीला अठरा दिवस उरले असताना, दूरच्या एका संस्थेतून पत्र आलं होतं. पत्र अतिशय सभ्य होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. पहिलं वर्तुळ वर्षाचं नसावं, पिल्लू खाडीतून समुद्रात उतरतं तेव्हा चार-पाच महिन्यांतच ते उमटत असावं, अशी त्यात शंका होती. ती खरी असेल, तर बाईंनी प्रत्येक मासा एका वर्षाने म्हातारा करून ठेवला होता. मासा भराभर वाढत होता, आणि चाळीस घरांचा पट्टा बारा वर्षं उगाच बंद राहिला होता. संशोधन केंद्राच्या साहेबांनी फार घोळ घातला नाही. ‘उद्या अकराला समिती बसतेय. अहवालावर ठाम आहात की मागे घेताय, एवढंच सांगा,’ म्हणाले.

खात्री करायला जन्माचं वर्ष पक्कं ठाऊक असलेला मासा हवा होता. बाईंनी ती तजवीजही करून ठेवली होती. पट्टा बंद झाला त्याच वर्षी, खाडीत नुकत्याच जन्मलेल्या सहाशे पिल्लांच्या पाठीत नंबराची पिवळी पट्टी अडकवून त्यांनी ती सोडून दिली होती. पट्टीचा मासा सापडला तर पट्टी, माशाचं डोकं आणि भरलेला फॉर्म केंद्रात आणून द्या, असं घरोघर सांगितलं होतं. फॉर्मचा गठ्ठा दादाच्या घरी ठेवला होता. बारा वर्षांत एक पट्टी परत आली नाही.

काल न राहवून त्यांनी वहिनीला फोन केला होता.

“वहिनी, माझं मोजण्यात चुकलं असेल, तर दादाला कुठल्या तोंडाने भेटू गं?”

वहिनी एकदा बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची फुरसत मिळत नाही. काल मात्र ती “ठेवते” एवढंच म्हणाली.

दारावर टकटक झाली. बाईंनी मान वळवली तर उंबऱ्यात दादा उभा, मागे वहिनी. बारा वर्षांत दादाने या इमारतीची पायरी चढली नव्हती. त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

“आत येऊ का, की चपला काढाव्या लागतात?”

“ये रे, दादा.”

त्याने डबा टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला, जणू त्याच्याशी आपला संबंध नाही. बाईंनी झाकण उघडलं. आत औषधाच्या अकरा रिकाम्या बाटल्या होत्या. प्रत्येकीत एक पिवळी पट्टी, दोन खडे आणि घडी केलेली चिठ्ठी.

“खडे कोणी काढले?”

“मी,” वहिनी म्हणाली. “डोकं कसं कापायचं ते तुम्हीच शिकवलं होतंत ना, वन्सं? डोकी किती दिवस सांभाळणार? घरभर वास सुटला असता.”

बाईंनी पहिली चिठ्ठी उलगडली. दादाच्या तिरक्या अक्षरात तारीख, आणि खाली: लाल बोयाच्या आत. लाल बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, बंद पट्ट्याची हद्द. त्यांनी दुसरी उलगडली, मग तिसरी. अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर तेच.

“सगळे आतलेच?”

“आतलेच,” दादा जमिनीकडे बघत म्हणाला. “म्हणून तर आणले नाहीत, चिमे. पट्टी आणून द्यायची म्हणजे आपल्याच हाताने गळ्यात फास अडकवायचा. ज्याला सापडेल तो माझ्याकडे आणून टाकायचा. ‘तुझीच बहीण, तूच निस्तर’ म्हणायचे.”

“मग आज कसा आणलास?”

“काल हिने तुझ्या फोनचं सांगितलं. खोटं कशाला बोलू? तू चुकली असतीस तर मला बरंच वाटलं असतं. पहिली चार वर्षं रोज शिव्या घातल्यात तुला.”

“ऐकल्यात मी,” वहिनी म्हणाली. “त्यातल्या दोन मलाही नवीन होत्या.”

“पण भावाने डबा दाबून ठेवला आणि बहीण खोटी ठरून घरी बसली, हे काही मला झेपलं नसतं.”

पट्टी लावल्यानंतर बरोबर चार वर्षांनी सापडलेल्या माशाची बाटली बाईंनी उचलली. कोपर टेबलाला टेकवून त्यांनी खडा घासला. पाच वर्तुळं निघाली, तर एकतीस वर्षं पाण्यात. चार निघाली, तर अहवाल खरा. तेलाचा थेंब काचेवर सांडला, पुसला, पुन्हा टाकला.

चार.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग सहा वर्षांचा खडा घासला, त्यावर सहा निघाली. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तसंच, चष्म्यासकट, टेबलावर डोकं टेकलं.

“काय झालं?” दादा घाबरला.

“बरोबर आहे. चार म्हणजे चारच. चुकले नव्हते मी.”

“मग रडताय कशाला, वन्सं?”

“रडत नाहीये,” बाई नाक पुसत म्हणाल्या. मग त्यांनी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. “शेवटची पाच वर्षांपूर्वीची. त्यानंतर?”

“त्यानंतर आत जायची गरजच पडली नाही. मासा बोयाच्या बाहेर यायला लागला. चांगला हातभर.”

“पाच वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस?”

“इतक्या शिव्या घातल्यावर लगेच कसं सांगणार? थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.” मग त्याचा आवाज उतरला. “उद्या हे कागदावर जाणार ना? माझं एकट्याचं नाव घाल. बाकीच्यांना यात ओढू नकोस. लेकुरवाळी माणसं आहेत.”

तेव्हा बाईंचं लक्ष चिठ्ठीच्या मागच्या बाजूकडे गेलं. तिथे अर्धवट फाटलेली छापील अक्षरं होती. फॉर्म फाडून त्याच्या पाठीवर चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्यांनी खणातून एक कोरा फॉर्म काढून दादापुढे धरला.

“वाच.”

दादाने हात लांब करून वाचलं. पट्टीचा नंबर, तारीख, ठिकाण, लांबी. त्याने कागद उलटा केला. मागे कोराच होता.

“नावाचा रकाना कुठाय?”

“नाहीच. मुद्दामच ठेवला नव्हता मी. म्हटलं, नाव विचारलं तर भीतीने कोणी पट्टी आणून देणार नाही.”

“मग सांगायचं नाही का?”

“छापलं होतं की. वाचशील असं वाटलं.”

“वाचतोय कोण!” वहिनीने कपाळाला हात लावला. “उरलेल्या गठ्ठ्यात मी बाजारात मासे बांधून दिले!”

दादा हसला नाही. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि, न विचारताच, वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाईंनी सात वर्षांचा खडा घासला आणि त्याच्या डोळ्याखाली सरकवला. तो टेबलावर बोट आपटत मोजत राहिला.

“सात,” तो म्हणाला. डोळा तसाच लावून ठेवत त्याने आवाज खाली आणला. “हा मी धरलेला. कुठे लिहू नकोस.”

बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“लिहू कुठे?” त्या म्हणाल्या. “रकानाच नाही.”