अर्धपोटी

दिनानाथाने घास तोंडात घातला आणि तो चावत बसला. मऊ भात आणि मुडदुशी मासळीचं पातळ कालवण, त्यात चावण्यासारखं होतं तरी काय? पण डॉक्टरांनी बजावलं होतं, चावल्याशिवाय काही आत सोडायचं नाही, आणि दिनानाथ ते अक्षरशः पाळत होता. समोर ताट नव्हतं, वाटी होती. तीही तान्ह्या पोराच्या उष्टावणाला काढतात तेवढी. बाहेर वाडीत गडी राजेळी केळ्यांचे घड उतरवत होते.

"आटपा भावोजी," एकनाथ म्हणाला. "मंडळी दुपारच्या आत येतील. त्यांना ही वाटी दिसायला नको."

एकनाथ हा प्रमोदिनीचा, म्हणजे दिनानाथाच्या बायकोचा, धाकटा भाऊ. सोयरिकी जमवण्यात आपला हातखंडा आहे असं त्याचं स्वतःचं मत होतं. जमलेल्या सोयरिकी तो मोजायचा, मोडलेल्यांना नशीब म्हणायचा. आज तो सकाळपासून निर्मळला बहिणीच्या घरी येऊन बसला होता, आणि घरातल्या प्रत्येकाला काय बोलायचं नि काय नाही ते शिकवत होता.

खरं तर दिनानाथाला जेवण उरकायला सांगण्याची पाळी यावी, हेच नवल. एके काळी या माणसाच्या जेवणाची चर्चा पार आगाशीपर्यंत होती. वऱ्हाडात दिनानाथ आहे म्हटल्यावर आचारी जिलबीचा एक घाणा जास्त काढत. पैजा लागत, आणि दिनानाथ त्या हसत हसत जिंकून वर ताकाचा पेला मागत असे. मग पोटाचं दुखणं लागलं. दोन वर्षं त्याने ते अंगावर काढलं. सोडा झाला, काढे झाले, गावदेवीला नारळ झाले. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आत व्रण पडलाय, जठर कापावं लागेल. निम्म्याहून जास्त जठर काढलं म्हणे. उरलं ते मुठीएवढं.

दुखणं गेलं, आणि त्याबरोबर जेवणही गेलं. आता दिवसातून अनेकदा थोडंथोडं खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि गोडाच्या तर वाटेलाही जायचं नाही. हे शेवटचं त्याने पहिल्यांदा मनावर घेतलं नव्हतं. घरचा धंदा सुकेळ्यांचा. पिकली राजेळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या वाळल्या सोपटात बांधून विकायची. अशा घरात माणूस हात किती आवरणार? एकदा एक सुकेळं खाल्लं, आणि थोड्या वेळात दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवसापासून सुमनने वडिलांचं खाणं आपल्या ताब्यात घेतलं. लेक वयाने लहान, पण वाटी किती भरायची आणि केव्हा पुढे ठेवायची यात तिचं चुकत नसे. दिनानाथ कुरकुरायचा, तिच्यासमोर मात्र कधी नाही.

पण सगळा घोळ झाला तो एका शब्दाने. पाचूबंदरची रोझलीन मासळीची पाटी घेऊन दारी यायची. रोज मुडदुशीच कुणासाठी, असं तिने विचारलं, तेव्हा प्रमोदिनीने साधेपणाने सांगून टाकलं, की बाय, यांचं पोट कापून आता अर्धंच उरलंय, तेवढ्यापुरतंच जेवण. रोझलीन तिथून भुईगावला गेली. चार ओटे ओलांडेपर्यंत त्या बोलण्याचं 'निर्मळला दिनानाथाच्या घरी अर्धपोटी जेवतात' असं होऊन बसलं. आणि नेमक्या भुईगावच्याच काशीरामाच्या मुलाशी सुमनची बोलणी चालली होती! काशीरामाच्या बायकोने, द्वारकाबाईने, एकनाथाला तोंडावर विचारलं, की एवढी वाडी असून घरधनी असा वाळलाय, म्हणजे बाई हात आखडून वाढते की घरच बसलंय? अशा घरची मुलगी आमच्याकडे येऊन माणसांना काय जेवू घालणार?

खरं सांगून टाकावं, असं प्रमोदिनीचं म्हणणं. एकनाथाने ते साफ खोडून काढलं. आधीचं एक स्थळ त्या कापाकापीचं ऐकूनच मुकाट्याने परत गेलं होतं. पोट कापलं म्हटलं की लोक म्हणणार, घराण्यात दुखणं आहे, उद्या पोरीला होईल, तिच्या पोरांना होईल. त्यापेक्षा काशीराम आणि त्याच्या बायकोला जेवायलाच बोलवावं, आणि भावोजींनी त्यांच्या डोळ्यांदेखत चांगलं पानभर जेवून दाखवावं. म्हणजे तोंडं बंद.

"एक दिवस," एकनाथ म्हणाला. "एकच दिवस जेवा पहिल्यासारखे."

दिनानाथाने रिकामी वाटी बाजूला सरकवली आणि हो म्हणाला. काशीरामाचा मुलगा पापडी गावच्या शाळेत मास्तर होता. सुमनला तो कसा वाटला हे प्रमोदिनीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती 'बरा आहे' एवढंच बोलली होती. पण सुमन सहसा कशाला बरं म्हणत नसे. बापाला ते पुरेसं होतं.

काशीराम बैलगाडीतून उतरला तो बोलतच. दणकट आवाजाचा, मोठ्या मिशांचा माणूस. वाडी बघितली, विहीर बघितली, केळीच्या सोपटांना हात लावून बघितला, सगळ्याला वाहवा केली. द्वारकाबाई मात्र ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून दिनानाथाच्या गळ्याशी ढिल्या झालेल्या सदऱ्याकडे बघत राहिली. 

ओटीवरच पुरुषांची पानं मांडली. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, भात, दही, आणि शेवटी तुपात परतलेली सुकेळी. सुमन वाढायला होती. वडिलांच्या पानाशी आली की तिची पळी जरा आखडायची. पण काशीरामाचं सारं लक्ष त्याच पानावर.

"वाढा, वाढा, दिनानाथरावांना वाढा," तो म्हणे, आणि दिनानाथाने घास घेतला की त्याचा चेहरा फुले. जणू त्या माणसाने काही पराक्रमच केला.

दिनानाथाला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. घे बाबा. त्याने बिरड्याबरोबर भात संपवला, पुन्हा घेतला. जेवताना पाणी न पिणारा माणूस विचित्र दिसेल म्हणून पाणीही प्यायला. बरगड्यांखाली सगळं तटतटून आलं. सुमन कढई घेऊन समोर उभी होती आणि एकदाही वर बघत नव्हती.

मग द्वारकाबाई झोपाळ्यावरून म्हणाली, की अहो, व्याह्याला गोडाचा घास भरवा की, का नुसतं बघतच बसणार? त्यांच्याकडची ती रीतच होती. व्याही-व्याही शेजारी बसले की एकमेकांना गोड भरवायचं. तो घास नाकारला म्हणजे सोयरीक नाकारली. काशीरामाने तुपाने माखलेलं सुकेळं उचललं आणि दिनानाथापुढे धरलं. सुमनचा हात किंचित पुढे झाला आणि तिथेच थांबला. दिनानाथाने तोंड उघडलं. चव जिभेवर आली तेव्हा, खरं सांगायचं तर, त्याला क्षणभर फार बरं वाटलं. आपल्याच वाडीचं सुकेळं, किती दिवसांनी! मग त्याने काशीरामाला भरवलं, काशीरामानेही मान हलवून एक तुकडा घेतला, आणि एकनाथाने मोठ्याने सुटकेचा श्वास सोडला.

पण दिनानाथाला फार वेळ मिळाला नाही. पानसुपारी पुढे येतेय तोच कानशिलं गरम झाली. गड्यांना काही सांगून येतो म्हणत तो उठला, आणि भिंतीला हात लावत लावत मागच्या पडवीतल्या खाटेवर जाऊन आडवा झाला. घामाने सदरा भिजला. सुमनने येऊन त्याची बटणं सोडली आणि डोक्याखालची उशी काढून घेतली.

"पंगत नीट उठली ना?" त्याने विचारलं.

"उठली. बोलू नका आता," ती म्हणाली, आणि उष्टी काढायला गेली.

काशीरामाने आपलं पान दुमडून ठेवलं होतं, सगळे ठेवतात तसं. सुमनने ते उचललं तर जड लागलं. तिने स्वयंपाकघरात नेऊन ते उघडलं. आत बिरडं होतं, फदफदं होतं, जवळजवळ सगळा भात होता, आणि सुकेळंही होतं, टोकाचा तुकडा तेवढा गेलेलं. प्रमोदिनीने ते पाहिलं. व्याह्याने अन्न पानात झाकून ठेवायचं, याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नाही म्हणायचं, पण चारचौघांत नाही.

"संपलं गं," ती म्हणाली. "आणि तिकडे यांचा जीव चाललाय."

 सुमन त्या पानाकडेच बघत होती. दहीभात तेवढा खाल्लेला होता. मिरची लागलेलं, आंबट, तेलकट, सारं बोटांनी कडेला सारलेलं. अशी पानं तिने दोन वर्षं उचलली होती, वडिलांना मुंबईला नेण्याआधी.

तिकडे काशीराम पडवीत आला होता. एकनाथाने त्याला अडवायचा प्रयत्न केला, भावोजींना जरा ऊन लागलंय वगैरे सांगितलं. काशीरामाने त्याला हाताने बाजूला केलं आणि खाटेशेजारच्या पाटावर बसला. एकनाथ परत ओटीवर गेला.

"मीच घातलं तुमच्या तोंडात," काशीराम म्हणाला. मघाचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

दिनानाथ उठू लागला. काशीरामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडून राहा. रोझलीन आमच्या ओट्यावर ते सांगून गेली तेव्हा सगळे हसले. मी तिला वाटेत गाठलं आणि विचारलं, बये, पोट अर्धं की जेवण अर्धं? ती म्हणाली, पोट. कापून काढलंय."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. आपण एवढं जेवलो, ते सुकेळं खाल्लं, सगळं फुकट गेलं. दिनानाथाने डोळे मिटून घेतले. आता पुढचं वाक्य काय येणार हे त्याला माहीत होतं.

"कापताना माणूस जागा असतो का हो?" काशीरामाने विचारलं.

दिनानाथाने डोळे उघडले. काशीरामाचा तळहात बरगड्यांखाली दाबून धरलेला होता. ती जागा, तो हात, ते किंचित पुढे वाकून बसणं, दिनानाथाला सगळं ओळखीचं होतं.

मग काशीराम हळू आवाजात बोलत गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं होतं, आणि त्याने घरी कुणाला कळू दिलं नव्हतं. बायकोला वाटायचं हा बाजाराला जातो. कापून घेतलेला माणूस जिवंत कसा राहतो, काय खातो, हे एकदा बघावं म्हणून तो आज आला होता. दिनानाथ घासामागून घास घेत होता तेव्हा त्याला एवढा आनंद झाला, की मनात आलं, उद्याच जावं मुंबईला. आणि मग हाच माणूस भिंत धरून चाललेला दिसला.

दिनानाथाने सदरा वर केला. बेंबीच्या वर, सरळ, पांढरट व्रणाची रेघ. काशीरामाने ती पाहिली, मग एक बोट लावून पाहिलं.

"जागा नसतो," दिनानाथ म्हणाला. "काहीतरी हुंगवतात. नंतर तहान लागते, आणि पाणी देत नाहीत. तेवढंच वाईट. गोड सोडलं तर बाकी सगळं जमतं. आज मी वेडेपणा केला."

"आणि दुखणं?"

"गेलं. दुसऱ्या दिवसापासून गेलं."

काशीरामाने उपरण्याने डोळे पुसले.  दिनानाथाच्या छातीतली धडधड आता ओसरत होती.

"मुलगी मला पहिल्या दिवसापासून पसंत आहे," काशीराम म्हणाला. "बायकोचं मी बघून घेतो. पण आता तुम्हीच बोला. आमच्या घरात काय आहे ते तुम्हांला कळलं. द्याल मुलगी?"

आणि दिनानाथाच्या मनात पहिल्यांदा काय यावं? घराण्यात दुखणं आहे, उद्या मुलाला होईल. अगदी एकनाथाच्याच शब्दांत आलं. त्याची त्याला इतकी लाज वाटली, की तो उठूनच बसला. पण लाज वाटली म्हणून काळजी थोडीच जाते. इतके दिवस आपण या पोरीला वाट्यांमागे नाचवलं, आता पुन्हा तिथे तेच. 

"मला विचारू नका," तो शेवटी म्हणाला. "तिला विचारा."

सुमन दारात आलीच होती, हातात वाटी घेऊन. वाटीत कोमट दूध होतं, बिनसाखरेचं. दिनानाथाने सवयीने हात पुढे केला. पण ती त्याच्यापुढून गेली आणि वाटी काशीरामापुढे ठेवली.

"तुम्हांला मिरची अगदीच चालत नाही," तिने विचारलं, "की थोडी चालते?"

काशीरामाने तिच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे.

"थोडी चालते," तो म्हणाला.

"मग वेगळी चूल मांडायला नको," सुमन म्हणाली, आणि दूध गार व्हायच्या आत घ्या असं सांगून आत गेली.