एका ओळीतल्या बशा

सत्यशीलाबाई कॉलेजात जायच्या आधी ओट्यावरच्या बशांना पाणी द्यायच्या आणि आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसण्यासारखंच होतं म्हणा! लोक तुळस लावतात, मोगरा लावतात; ह्या बाईंनी नाल्याच्या ओल्या काठावरून शेवाळाचा भाऊबंद शोभेल असं, मातीला चिकटून पसरणारं हिरवं काहीतरी खरवडून आणलं होतं. ना फूल, ना फळ, ना धड मूळ. त्याला लिव्हरवर्ट म्हणतात हे बासष्ट सालच्या यवतमाळात, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ह्या बाई सोडल्या तर, फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची हौसही कुणाला नव्हती.

बाईंना मात्र त्याच बशांचा आधार होता. मोठ्या झाडांच्या शेंड्यात वाढीचं जे संप्रेरक तयार होतं, ते ह्या चिमुकल्या जिवाला दिलं तर त्याचा चयापचय, म्हणजे अन्न साठवणं आणि खर्चणं, बदलतो का, हे त्यांना पाहायचं होतं. फरक दाखवता आला तर नागपूरचे प्रोफेसर त्यांना संशोधनाला घेणार होते. नागपूर म्हणजे प्रयोगशाळा, वसतिगृह, जेवताना समोर बसलेलं कुणीतरी माणूस. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा विषमज्वरानं गेला, तेव्हापासून बाई एकट्या जेवत आल्या होत्या. एकटेपणाची सवय होते म्हणतात. त्यांना काही झाली नव्हती.

ऊन-सावली सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून बशा एकाच ओळीत मांडल्या होत्या. एक बशी संप्रेरकाची, तिच्याभोवती लाल दोरा. तिच्या शेजारची नुसत्या पाण्याची. मग पुन्हा लाल दोऱ्याची. संप्रेरकाची बाटली काळ्या कागदात गुंडाळून तिथल्याच कोनाड्यात ठेवलेली असायची.

रथसप्तमीच्या सकाळी बाईंनी प्रत्येक बशीतला तुकडा घेतला, स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढला आणि वर आयोडीनचा थेंब सोडला. आत पिठूळ साठा असला की तुकडा निळाकाळा होतो. लाल दोऱ्याच्या बशांतले तुकडे फिके राहिले, म्हणजे साठा खर्च झाला होता. बाईंनी आनंदानं वहीत तशी नोंद केली. मग त्यांनी पाण्याच्या बशा घेतल्या. तेही तुकडे फिकेच. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. म्हणजे थंडीनंच साठा संपवला असणार, संप्रेरकानं काही केलं नव्हतं. बाई ओट्यावरच बसून राहिल्या.

घरमालक बबनरावांची बायको हंसाबाई तीळ निवडायचं सूप घेऊन अंगणात आली होती. दुपारी तिच्याकडे हळदीकुंकू होतं.

"काहून जी मास्तरीणबाई, अशा काहून बसल्या?"

"सगळ्या बशा सारख्याच निघाल्या, हंसाबाई."

हंसाबाईचा चेहरा फुलला. "मंग! सारख्याच निघतीन ना. तुमी कॉलेजात गेल्या का मीच तं त्याईले औषध टाकत होती."

"कुणाला?"

"ज्याईले दोरा नोयता, त्याईले. एका पंगतीत बसवाचं, एकाच्या पानात वाढाचं अन् बाजूच्याले निरं पानी पाजाचं? मले पाहवे ना, बाई. पंगतीत दुजाभाव केला तं पाप लागते."

बाईंना असा संताप आला, की ती बाटली अंगणात भिरकावून द्यावी. उन्हं तापू लागली होती. आता लिव्हरवर्ट सुकणार आणि पुढच्या पावसाळ्याशिवाय नवं मिळणार नाही. म्हणजे आणखी एक वर्ष ह्याच खोलीत काढायचं. त्या बोलायला उठल्या आणि त्यांची नजर अंगणात गेली. तिथं बायकांसाठी सतरंजी अंथरून ठेवली होती. ह्या घरात आल्यापासून दर वर्षी सतरंजी पसरली, की बाई आपलं दार आतून लावून घेत.

"हंसाबाई, आज इथं बायका ओळीनं बसतील," त्या म्हणाल्या. "माझी खोली ह्याच अंगणात आहे. मला तुम्ही कुठली बशी समजता?"

हंसाबाई सुपातले तीळ निवडायला लागली.

"तो रिवाज हाय, बाई," ती म्हणाली. "म्या थोडाच काढला?" आणि सूप उचलून घरात गेली.

दुपारभर बांगड्यांचे, उखाण्यांचे, हसण्याचे आवाज येत राहिले. बाई खाटेवर पडून ऐकत होत्या. त्यांना रडू आलं ते प्रयोगासाठी की कशासाठी, हे त्यांनाच कळेना.

तिन्हीसांजेला अंगण रिकामं झालं तेव्हा बाईंनी बशा आत घ्यायला दार उघडलं. ओळीच्या शेवटी एक बशी जास्तीची होती. हंसाबाईच्या कपाटातली, पाहुण्यांसाठी राखलेली, निळ्या फुलांची. तिच्यात तिळाचा लाडू होता. हळद नव्हती, कुंकू नव्हतं. बशीभोवती मात्र लाल दोरा नीट गुंडाळून गाठ मारलेली होती.

समोरचं हंसाबाईचं दार लागलेलं होतं. बाई तिथंच ओट्यावर, बशांच्या ओळीला लागून बसल्या आणि त्यांनी एकट्यानंच तो लाडू खाल्ला.