चष्म्याचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. रुग्णालयाच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी माझा मुक्काम आहे. माझी काच तडकली आहे आणि काट्याला शून्यावर परतायचा कंटाळा येतो. पण मित्रांनो, एके काळी डायलिसिसच्या खोलीबाहेर माझ्या शब्दावाचून पान हलत नसे.

तिथे येणाऱ्यांची मूत्रपिंडं निकामी झालेली असत. त्यांच्या अंगात किती पाणी साठलं आहे, ते मी सांगायचं. मग यंत्राने ते काढायचं. सगळेच कुणाच्या तरी मूत्रपिंडाची वाट पाहत. देणारे थोडे आणि यादी मारुतीच्या शेपटासारखी.

त्यांतले बाइंडरकाका मला अजून आठवतात. पुस्तकं शिवून शिवून त्यांच्या बोटांना खळीचा वास कायमचा चिकटला होता. चोरून पाणी प्यायले की ते चपला, घड्याळ, चष्मा सगळं खिडकीत काढून ठेवत आणि श्वास रोखून माझ्यावर उभे राहत.

"काका, चष्मा काढून पाणी कमी होत नाही," सिस्टर हसत.

"सिस्टर, तेवढाच तुमच्या काट्याला आराम!"

तिसऱ्या वर्षी काकांचे पाय सुजू लागले. एके दिवशी इस्त्रीच्या कपड्यांतला एक दलाल त्यांच्यामागे आला. सोबत एक हडकुळा हमाल होता. दलालाने त्याला माझ्यावर उभं केलं. एकावन्न किलो.

"याचं मूत्रपिंड तुम्हाला जुळेल. विकत घेता येत नाही, म्हणून कागदावर हा तुमचा आतेभाऊ."

"माझ्या वडिलांना बहीणच नव्हती हो," काका म्हणाले.

"कागदावर येईल की!"

सोबत आलेल्या काकूंनी काकांची बाही धरली. "नाही म्हणू नका. तुम्ही राहिलात म्हणजे मला सगळं चालेल."

काकांनी हमालाकडे पाहिलं. त्यांना जगायचं होतं. माझ्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला जगायचं असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मग त्यांनी हमालाला विचारलं, "उद्या ओझं कसं उचलशील?"

तो खाली मान घालून म्हणाला, "बघू."

"आतेभाऊ झालासच, तर थोरल्याचं ऐक. घरी जा."

सिस्टरांनी वर कळवलं. दलाल पुन्हा दिसला नाही. काकू मात्र कितीतरी दिवस काकांशी बोलल्या नाहीत. यादी होती तिथेच होती.

पुढे काकांनी नेत्रदानाचा अर्ज भरला. "चष्म्याचे डोळे चालतात का हो?" त्यांनी विचारलं.

"चालतात, काका."

"मग झालं. निदान एका यादीत तरी माझ्यामुळे कुणाचा नंबर लागेल."

काकांचा नंबर लागला नाही. ते गेले, तेव्हा काकूंनीच नेत्रपेढीला फोन केला. दोन डोळे दोघांना मिळाले.

काही दिवसांनी काकू आल्या. "कुणा गरजूला द्या," म्हणत त्यांनी पिशवीतून काकांचा चष्मा काढला आणि सिस्टरांच्या हाती देण्याआधी क्षणभर माझ्यावर ठेवला. माझा काटा हललासुद्धा नाही. मित्रांनो, जन्मभर मी खरं वजन सांगितलं. त्या दिवशी तेवढा चुकलो.

आता माझ्यावर कोणी उभं राहत नाही. पण जिन्यावरून चढणारी पावलं मला ऐकू येतात. वर ती यादी अजून आहे. आज घरी सगळे जेवायला बसाल, तेव्हा अवयवदानाचा विषय काढा. आपल्या माणसांना आपली इच्छा सांगून ठेवा. म्हणजे ऐन वेळी त्यांचा हात फोनकडे जाताना अडखळणार नाही.