पेनड्राइव्हमधल्या खुणा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. लातूरला कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे, तिच्या ऑफिसात मी असतो. माझ्यात मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कुणीही वापरावे, दुरुस्त करावे, वाटावे असे. शिवमूर्ती सरांनी ते बसवले तेव्हा पाहुण्यांपुढे माझे कौतुक व्हायचे. मीही फुगायचो.

मग एकदा सरांनी मोठ्या हौसेने मला अपडेट केले आणि त्यात माझा एक तुकडा गेला. व्हिडिओ कमी जागेत मावावा म्हणून तो दाबून साठवतात. दाबण्याच्या एका नव्या रीतीवर काही कंपन्यांचे पेटंट, म्हणजे मालकीहक्क आहेत. रीत जाणकारांना ठाऊक आहे. पण फी न भरता वाटली तर कोर्टकचेरी मागे लागेल, या भीतीने मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी व्हिडिओ उलगडणारा तुकडाच काढून टाकला. माझे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

जूनमध्ये चाकूरकडचा सुदाम आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, करिश्माला, घेऊन आला. तिला ऐकू येत नाही. आजीने, साखराबाईंनी, तिला वाढवले होते आणि दोघींनी घरच्या घरी खुणांची भाषा केली होती. आजी नुकत्याच वारल्या होत्या.

"सर, मायनं जायाच्या आधी समद्या खुणा करून दाखवल्यात. मोबाइल फुटला, पर ह्याच्यात हाय बघा," म्हणत सुदामने पेनड्राइव्ह दिला. "मला बी लई कळत न्हाईत. मी सदा बाहेरच कामाला." त्याच दुपारी तो कामावर परतला.

सरांनी फाइल उघडली. व्हिडिओ नेमका त्याच नव्या रीतीने दाबलेला, माझा पडदा काळाच राहिला. शाळेतले मोबाइलही माझ्याच वयाचे, त्यांनाही जमेना. जाणकाराला बोलवू म्हणता म्हणता दिवस गेले. आजी माझ्या पोटात होत्या आणि मला त्या दाखवता येत नव्हत्या. किती लाज वाटली म्हणून सांगू!

करिश्मा दोन बोटे गालाला लावून पुन्हा पुन्हा काही सांगायची. मुलांना सांभाळणाऱ्या कमलम्मा मावशींनी पाणी दिले, भाकरी दिली, दाढ पाहिली. पोर नुसती मान हलवायची. आठव्या दिवशी तिने ती खूण करणेच सोडले.

अकराव्या दिवशी शाळेतल्या शिक्षिका शिल्पा मॅडम रजेवरून आल्या. त्यांच्या नव्या मोबाइलवर व्हिडिओ लगेच चालू झाला. साखराबाईंनी दोन बोटे गालाला लावली. "असं केलं म्हंजी लेकरू भ्यालंय. काई देऊ नगा, निस्तं जवळ घ्या."

कमलम्मा धावत गेल्या आणि त्यांनी हात पसरले. करिश्मा मागे सरकली.

मित्रांनो, आपल्या माणसांचे बोल, त्यांच्या खुणा साठवाल, तेव्हा कुणालाही उघडता येईल अशा रीतीतही एक प्रत ठेवा. त्या लेकराचे अकरा दिवस मला काही परत करता येत नाहीत.