खिडकीवालीची गाठ

आमच्या लाँड्रीत खिडकीपाशी इस्त्रीचं एक टेबल आहे, आणि त्या टेबलावरच्या बाईला सगळे खिडकीवाली म्हणतात. ती खिडकीवाली म्हणजे मी. निदान सकाळची तरी मी. दुपारची दुसरीच कुणी होती, पण तिलाही खिडकीवालीच म्हणत. दोन बायकांत एकच नाव पुरवून वापरायचं, इतकी आमच्याकडे काटकसर. अ‍ॅप्रन एक, स्टूल एक, खुंटीही एक.

आधी असं नव्हतं. आधी मी दिवसभर होते. मग नवा कायदा आला. ज्याच्याकडे दिवसभराची दहा माणसं कामाला असतील, त्या मालकाने त्या सगळ्यांचा आरोग्य विमा भरायचा. नऊ असतील तर भरायला नको. अर्ध्या वेळेची माणसं मोजायचीच नाहीत. आमच्यात मी दहावी होते, सगळ्यात शेवटी लागलेली. मालकाने मला बोलावलं आणि कानाची पाळी चोळायला लागला. खोटं बोलायचं असलं की तो ती चोळतो, हे सगळ्या लाँड्रीला माहीत आहे.

"उद्यापासून दुपारपर्यंतच ये," तो म्हणाला. "तुलाच जरा आराम मिळेल."

"आणि माझ्या पगाराला?"

त्याने पाळीवरचा हात काढला. "मला राक्षस समजू नकोस गं. हॉटेलं चादरींचे पैसे वाढवून देत नाहीत. विम्याचा हप्ता भरत बसलो तर बॉयलर बंद करावा लागेल, मग दहाच्या दहा जण घरी." हे बोलताना त्याने कानाला हात लावला नाही, आणि मला खरा राग आला तो त्याचा. खोटं बोलला असता तर चार शब्द सुनावता तरी आले असते.

दुपारसाठी त्याने दुसरी बाई ठेवली. आमच्या दोघींच्या मध्ये जेवणाच्या वेळेला चांगला तासभर टेबल रिकामं ठेवायचं, अशी त्याची अट. दोघी एकदम दिसलो आणि कुणी मोजलं तर? असं आमचं नवाचं गणित तो डोळ्यात तेल घालून सांभाळायचा. मी म्हणायचे, लोकांच्या नाकी नऊ येतात, याने नऊ कामाला ठेवलेत.

तर मी तिला कधी पाहिलं नाही. पण एकच अ‍ॅप्रन घालणाऱ्या बायकांना एकमेकींचं बरंच कळतं. ती माझ्यापेक्षा बुटकी होती, कारण स्टूल रोज खाली केलेलं असायचं. चादरीची घडी ती डावीकडून घालायची, मी उजवीकडून. तिला खोकला होता, कारण खिशात खोकल्याच्या गोळ्यांचे कागद सापडायचे. घरी लहान मुलगी असावी, कारण कधी कधी त्याच खिशात वेणीची रिबीन निघायची. आणि अ‍ॅप्रनच्या नाडीला ती अशी गाठ मारायची की काय सांगू. डोक्यावरून अ‍ॅप्रन काढून गाठ तशीच ठेवून जायची, आणि सकाळी ती सोडवता सोडवता माझी नखं तुटायची. पहिला आठवडा मी तिला मनसोक्त शिव्या दिल्या.

मग एक दिवस खिशात अर्धी गोळी निघाली, कागदात नीट गुंडाळलेली. अर्धी तिने खाल्ली होती आणि अर्धी माझ्यासाठी ठेवली होती. मला हसू आलं. अर्ध्या पगाराच्या बाईला अर्धी गोळी! मीही दुसऱ्या दिवशी अर्धं बिस्किट ठेवलं. मग हे चालूच राहिलं. घरी नवऱ्याला मी सांगायचे, माझी एक मैत्रीण आहे, फक्त आमची अजून गाठ पडलेली नाही.

गाठ सापडली ती वेगळीच. आंघोळ करताना हाताला लागली, डाव्या छातीत, चिंचोक्याएवढी. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, काढावी लागेल, उशीर करू नका. खर्च ऐकून मी कागद घडी करून पिशवीत कोंबले. नवरा टेम्पो चालवतो. तो लगेच टेम्पो विकायचं बोलायला लागला. टेम्पो विकला तर दोघांनी खायचं काय, मूलबाळ नाही म्हणून पोट नाही असं थोडंच आहे. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे मरू, हे दोघांनाही कळत होतं.

लाँड्रीत मी कुणाला सांगितलं नाही. अ‍ॅप्रन त्या जागी दाबायचा म्हणून आतून एक फडकं घडी करून खोचायचे. एका सकाळी पाहते तर ते फडकं बारीक टाक्यांनी आत शिवून टाकलेलं. बरोबर त्या जागी, जितकं जाड हवं तितकंच. मी खुंटीपाशी उभी राहून रडले. जिने मला पाहिलं नाही तिला कळलं होतं.

त्याच सुमारास धुलाईवाले काका मला म्हणाले, "अगं, जेवायच्या सुट्टीत तरी जेवत जा. तेव्हाही राबतेस."

"मी तेव्हा नसते, काका. घरी गेलेली असते."

"मग दुसरी असेल."

"तीही आलेली नसते."

काकांनी हातातली चादर खाली ठेवली. "पण खिडकीवाली असते की," ते म्हणाले. "वाफेत पाठ दिसते रोज."

मी ते हसण्यावारी नेलं. पण नंतर माझं लक्ष जायला लागलं. सकाळच्या चादरींच्या थप्पीत काही घड्या माझ्याही नव्हत्या आणि तिच्याही नव्हत्या. एक बाजू उजवीकडून आणलेली आणि दुसरी डावीकडून, आणि मधोमध दोन्ही जुळलेल्या. एका माणसाला अशी घडी घालताच येत नाही. मी करून पाहिली, हात अडकतात.

एकदा छत्री विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले. भर दुपार होती. रस्त्यावरून खिडकी दिसली आणि माझे पाय थांबले. आत टेबलाशी एक बाई पाठमोरी उभी होती. अंगात अ‍ॅप्रन, तोच, जो मी नुकताच खुंटीला अडकवला होता. इस्त्री शांतपणे पुढे-मागे जात होती. बाई माझ्याइतकी उंच नव्हती, बुटकीही नव्हती. मी धावत आत गेले. टेबलापाशी कुणी नव्हतं. अ‍ॅप्रन खुंटीला होता, पण अंगातून नुकता काढल्यासारखा गरम. स्टूल माझ्या आणि तिच्या उंचीच्या बरोबर मध्ये होतं. मी छत्री न घेताच बाहेर पडले.

आणि मग सरकारी तपासनीस आला. तोही नेमका त्या रिकाम्या तासात. मी नव्हते, हे सगळं काकांनी सांगितलं. त्याने माणसं मोजली आणि दहा भरली. मालक म्हणाला नऊ, तो म्हणाला दहा. मग त्याने खिडकीकडे बोट दाखवून एकेकाला विचारलं, ती कोण? सगळे म्हणाले, खिडकीवाली. अर्ध्या वेळेची का? तर सगळ्यांनी सरळ मनाने सांगितलं, छे, ती तर दिवसभर असते. कारण आम्ही बोलतोच तसं. सकाळी खिडकीवाली, दुपारी खिडकीवाली, मग दिवसभर खिडकीवालीच नाही का? मालक ओरडला, अरे त्या दोन आहेत! पण समोर तर एकच उभी होती. तपासनीस तिच्याजवळ गेला आणि त्याने विचारलं, बाई, तुम्ही दिवसभराच्या का? तिने मान डोलावली.

"तोंड कसं होतं तिचं?" मी काकांना विचारलं.

"तुझंच की," काका म्हणाले, आणि चादर झटकत पुढे म्हणाले, "म्हणजे, तसंच."

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. पण विमा भरावा लागला. सगळ्यांना कार्डं मिळाली, बॉयलरवाल्याने तर आपल्या कार्डाचा मुका घेतला. हप्ता निघावा म्हणून मालक स्वतः ओले कपडे पिळायला उभा राहिला, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली. खिडकीवालीचं कार्ड कुणाला द्यायचं हे त्याला सुचेना. त्यावरचं पहिलं नाव माझं होतं आणि आडनाव मी कधी न ऐकलेलं. घाईत त्याने दोघींचं मिळून एकच सांगून टाकलं होतं. शेवटी त्याने ते दुपारी टेबलावर ठेवून दिलं, म्हणजे ते तिच्या हाती पडलं.

दुसऱ्या सकाळी अ‍ॅप्रनच्या नाडीला गाठ होती, आजवरची सगळ्यात घट्ट. त्या गाठीत ते कार्ड बांधलेलं होतं. खिशात खोकल्याची गोळी होती. या वेळी अख्खी.

तिचा खोकला काही साधा नसावा, हे मला तेव्हाच कळलं. साध्या खोकल्याला कुणी इतके महिने गोळ्या चघळत नाही. कार्ड एकच होतं आणि ते तिने मला दिलं होतं. परत बांधून ठेवावं असं मनात आलं. पण मला जगायचं होतं. फार जगायचं होतं.

दवाखान्यात कुणी काही विचारलं नाही. गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. नवरा खुर्चीवर बसून लहान पोरासारखा रडला आणि मी त्याला चिडवलं, टेम्पो वाचला म्हणून रडतोस ना?

टाके भरून आल्यावर मी कामावर गेले. जाताना डब्यात अख्ख्या भाकऱ्या घेतल्या, ठरवलं होतं, मालक काहीही म्हणो, आज थांबायचं आणि तिला भेटायचं. दुपार झाली. रिकामा तास सुरू झाला आणि संपला. कुणी आलं नाही.

"दुपारची कुठे आहे?" मी मालकाला विचारलं.

"कोण दुपारची?"

"माझ्यानंतर येते ती. खोकणारी."

"तुझ्यानंतर?" त्याने पिळणं थांबवलं. "अगं, तू पहिल्यापासून दिवसभराची आहेस. बरी आहेस ना?"

मी त्याच्या कानाकडे बघत होते. त्याचे दोन्ही हात ओल्या पिळ्यांवरच होते.

काकांना विचारलं, तेही तेच म्हणाले. म्हणाले, खिडकीवाली एकच, तू. मी टेबलाशी परत आले. चादर ओढली, घडी घातली आणि बघत राहिले. एक बाजू उजवीकडून आली होती, एक डावीकडून, आणि मधोमध दोन्ही जुळल्या होत्या. हात कुठेही अडकला नव्हता. मला खोकला आला.

संध्याकाळी सुटताना पाठीमागे हात नेला तर नाडीला तिची ती गाठ होती. सकाळी मी नेहमीची सरकफास मारली होती, मला पक्कं आठवतं. ओढलं, सुटेना. अ‍ॅप्रन डोक्यावरून काढायला गेले तर तोही निघेना, गाठ कमरेशी आवळलेली. टाके नुकते भरलेले, जोरही लावता येईना. तेवढ्यात दारातून एक मुलगी आत आली. सात-आठ वर्षांची असेल. वेणी सुटलेली, पायात मोठ्या मापाच्या चपला. ती कुणालाही न विचारता सरळ खिडकीपाशी आली.

"थांब आई," ती म्हणाली, "तुला नाही जमत. मी सोडते."

माझ्या पाठीमागे जाऊन तिने नाडीचं एक टोक दाबलं, दुसरं ओढलं, आणि महिनोन् महिने माझी नखं तोडणारी ती गाठ एका झटक्यात सुटली.

मी वळले. तिला सांगायला हवं होतं की बाळ, मी तुझी आई नाही. तोंड उघडलं तर माझ्याच आवाजात शब्द आले, "शाळेतून आल्यावर काही खाल्लंस का?"

"अर्धं बिस्किट," ती म्हणाली. "अर्धं तुला ठेवलंय."

घरी नवरा चहा टाकून वाट बघत होता, हे मला माहीत होतं. मुलीचं घर कुठल्या गल्लीत आहे, हेही मला माहीत होतं. मी अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि तिचा हात धरला.